दोन बोटं उंबरा आणि पुढचं छोटं चाक

माझ्या भाच्याची व्हीलचेअर पहिल्यांदा अडली ती घरातच, मोरीच्या उंबऱ्यापाशी. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर, पुराच्या धास्तीनं जोतं उंच बांधलेलं, आणि आत प्रत्येक दाराला उंबरा. मोरीचा उंबरा दोन बोटं, मोजला तर साडेतीन सेंटीमीटर. पोराच्या हातात ताकद होती. पडण्याआधी तो उसाच्या मोळ्या उचलायचा. तरी खुर्ची उंबऱ्याला टेकली की मागची चाकं ओल्या फरशीवर जागच्या जागी घसरायची. वेगात आणली तर खुर्ची तिथेच थांबायची आणि हा पुढे फेकला जायचा.

मी तीस वर्षं पोरांना फिटरकाम शिकवलं. त्यामुळे घरातल्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही आधी चुकीच्याच जागी बघत होतो. मला वाटलं, ताकद कमी पडतेय, मोटार बसवावी. दोन दिवसांनी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा कळलं की गोम पुढच्या छोट्या चाकात आहे.

चाक पायरी चढतं म्हणजे काय होतं? पहारीनं दगड उलथताना आपण पहारीखाली एक छोटा दगड टेकू म्हणून ठेवतो. इथे पायरीची कड म्हणजे तो टेकू. चाकाला त्या कडेभोवती वर फिरायचं असतं. आपण पुढे ढकलतो तो जोर चाकाच्या मध्यावर, आसावर येतो. आस त्या कडेपेक्षा जितका उंच, तितकी आपल्या पहारीची दांडी लांब. चाक मोठं असेल तर आस उंच, दांडी लांब, काम सोपं. चाक छोटं असेल तर आस कडेच्या जेमतेम वर, म्हणजे आखूड दांडीनं धोंडा उलथायचा. आणि पायरी आसाच्या उंचीला पोचली की दांडीच उरत नाही. मग कितीही ढकला, चाक भिंतीवर आपटल्यासारखं थांबणार. बैलगाडीचं चाक माणसाच्या छातीएवढं का असायचं, त्याचं एक कारण हेच.

बाजारात मिळणाऱ्या साध्या घडीच्या खुर्चीचं मागचं चाक २४ इंची असतं, म्हणजे त्रिज्या साधारण ३० सेंटीमीटर. पुढचं बहुधा ८ इंची, त्रिज्या १० सेंटीमीटर. हिशेब केला की कळतं, छोट्या चाकाला ५ सेंटीमीटरची पायरी जितकी जड जाते, तितकी मोठ्या चाकाला १५ सेंटीमीटरची जाते. तिप्पट चाक, तिप्पट पायरी.

दुसरा भाग वजनाचा. आम्ही भाच्याला खुर्चीत बसवलं, पुढची दोन चाकं घरातल्या वजनकाट्यावर ठेवली आणि मागच्या चाकांखाली काट्याएवढ्या जाडीची फळी सरकवली, म्हणजे खुर्ची सपाट राहील. माणूस ६२ किलो, खुर्ची १८, एकूण ८०. काट्यावर आकडा आला ३०. एवढं वजन त्या दोन छोट्या चाकांवर. आता मोरीचा उंबरा चढायला संथ गतीत लागणारा आडवा जोर निघतो साधारण ३५ किलोचा. ५ सेंटीमीटरची पायरी असेल तर ५२ किलोचा. एवढा जोर लावायचा तर मागच्या चाकांना जमिनीची तेवढी पकड हवी, आणि ओली फरशी ती देत नाही. म्हणून चाकं घसरत होती. पोराच्या दंडात काही कमी नव्हतं.

मग ही खुर्ची अशी बनवलीच का? घडीच्या खुर्चीचा साचा १९३० च्या दशकातला, अमेरिकेतला. हर्बर्ट एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातानंतर व्हीलचेअर वापरायचे. हॅरी जेनिंग्ज या इंजिनिअर मित्राबरोबर त्यांनी खाली फुलीच्या आकाराची दांडी असलेली, मिटून मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची काढली. गुळगुळीत फरशीवर छोटं चाक फार गुणी असतं. जागच्या जागी गरकन वळतं, पायाला आडवं येत नाही, घडीतही मावतं. आपल्या दवाखान्यात दिसणारी खुर्ची त्याच घराण्यातली. फक्त ती फरशी सोडून हरभट रोडला आली.

तर आता उपाय. पहिला फुकटचा आहे आणि बहुतेक घरांत तो कुणी शिकवलेलाच नसतो: खुर्ची उलटी करा. मोठं चाक आधी उंबऱ्याला लावा आणि मागून मुठी धरून ओढा. ओढताना जोर थोडा वरच्या दिशेनंही लागतो, तोही कामाला येतो. पुढे तोंड करूनच जायचं असेल तर खुर्चीच्या मागे, खाली, दोन आखूड पाइप बाहेर आलेले असतात. ते शोभेचे नाहीत. त्यावर पाय दाबायचा, मुठी खाली ओढायच्या, पुढची चाकं उचलली की ती पायरीवर टेकवायची आणि मग मागची चाकं पायरीला भिडवून वर ढकलायची. खुर्चीला मागे उलटू नये म्हणून छोटी चाकं लावलेली असतील तर ती आधी वर फिरवून ठेवा, नाहीतर खुर्ची मागे झुकणारच नाही. उतरताना मात्र नेहमी पाठमोरं. पुढे तोंड करून उतरवायला गेलं की माणूस खुर्चीतून सांडतो. १५ सेंटीमीटरच्या फुटपाथला एकट्यानं हात घालू नका, दोघं हवेत. बायकांनी तर नकोच असं आमच्या शेजारचे काका म्हणतात. ते सोडून द्या. भाच्याची आई पंचेचाळीस किलोची आहे आणि ती हे माझ्यापेक्षा सफाईनं करते, कारण ती जोर कमी आणि वेळ जास्त घेते.

दुसरा उपाय मागच्या चाकाचा आस पुढे सरकवायचा. माणसाचं वजन मागच्या आसाच्या जितकं जवळ, तितकं पुढच्या चाकांवर कमी. खेळाडूंच्या किंवा रोज एकट्यानं फिरणाऱ्यांच्या चांगल्या खुर्च्यांत आसाच्या पट्टीला ओळीनं भोकं असतात, तिथे हे पान्यानं करता येतं. साध्या खुर्चीत आस पाठीच्या पाइपाखाली पक्का असतो, त्यामुळे ६ मिलिमीटरच्या पट्टीची एक प्लेट करून चौकटीला क्लॅम्पनं बांधावी लागते. आम्ही ४ सेंटीमीटर पुढे घेतला. काट्यावर ३० चे २५ झाले. भाच्याला फरक पहिल्याच ढकलीत कळला. चाकं फिरवायला हलकी झाली, आणि थोड्या सरावानं तो पुढची चाकं स्वतः क्षणभर उचलायला लागला. उंबऱ्याला हेच लागतं: टेकायच्या आत एक झटका, चाक वर, आणि मग मोठ्या चाकांचं काम.

पण इथे फुकट काही मिळत नाही. पुढचं चाक हलकं झालं म्हणजे खुर्ची मागे उलटायला सोपी झाली. आमच्या मापाप्रमाणे पूर्वी ती साडेतीन फुटांत एक फूट चढणाऱ्या उतारावर मागे गेली असती. आता पावणेपाच फुटांत एक फुटावरच जाईल, आणि चाकं जोरात ढकलली तर त्याहूनही आधी. हे ऐकायला लांबचं वाटतं. पण आपल्या गल्लीत घरांपुढे जे उतार असतात ते मोटारसायकल चढवायला केलेले असतात. चार फुटांत एक फूट चढ सहज सापडतो. साताऱ्यात तर रस्तेच तसे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना हा बदल मी सुचवणारच नाही. आस सरकवला तर मागची आधारचाकं लावा, आणि पहिले आठ दिवस मागे कुणीतरी उभं राहू द्या. ज्यांचे पाय कापलेले आहेत त्यांच्यासाठी तर उलटं करावं लागतं: पुढचं वजनच गेलेलं असल्यानं आस मागे घ्यायचा असतो. दोघांनाही दिसायला एकच खुर्ची, पण एकाचा उपाय दुसऱ्याला पाडेल.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. पुढची दोन छोटी चाकं जमिनीवरून उचलूनच टाकायची आणि पायटाच्या, म्हणजे पाय ठेवायच्या फळीच्या, पुढे मधोमध एक मोठं चाक जोडायचं. अमेरिकेत फ्रीव्हील नावानं असं जोडचाक मिळतं. तत्त्व इतकं सरळ आहे की लहान मुलांच्या १२ इंची सायकलचं चाक घेऊन ते करून बघता येतं. यात दोन फायदे एकदम होतात. चाक मोठं झालं, त्रिज्या १५ सेंटीमीटर. आणि ते ३५ सेंटीमीटर पुढे गेल्यामुळे त्याच्यावरचं वजन, मागचा आस मूळ जागीच धरला तर, ३० वरून साधारण १६ किलोवर आलं. तीच ५ सेंटीमीटरची पायरी, जिथे ५२ किलोचा जोर लागत होता, तिथे आता १८ पुरतो. मोटार नाही, गिअर नाही.

करताना मात्र मी दोनदा चुकलो, ते सांगतो म्हणजे तुमचा पाइप वाचेल. सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुभागलेला दांडा, पुढे वाकलेला असतो. मी तो तसाच उभा बसवला. चाक सरळ धावेचना, ढकललं की गरकन उलटं फिरायचं. चहाच्या गाड्याची किंवा सुपरमार्केटच्या ट्रॉलीची चाकं बघा: वळायची खुंटी पुढे, चाक तिच्या मागे ओढल्यासारखं. तसं हवं. म्हणून फोर्क उलटा, वाक मागे, आणि खुंटी बरोबर उभी, ओळंब्यात. खुंटी तिरपी असेल तर प्रत्येक वळणाला खुर्चीचं तोंड वर-खाली होतं. बेअरिंग सैल राहिलं तर उतारावर चाक थरथरायला लागतं. एक रबराचा तुकडा दाबून बसवला, थरथर गेली.

दुसरी चूक वेल्डिंगची. स्वस्त खुर्चीचा पाइप पातळ असतो, आणि वर क्रोमचा मुलामा. मुलाम्यावर तसंच वेल्डिंग केलं तर जोड कच्चा राहतो आणि निघणारा धूर छातीला फार वाईट. मुलामा घासून काढला तरी पातळ पाइप ताव लागलेल्या जागी जोडाशेजारी तडकतो, तोही एकदम नाही, दोन-तीन महिन्यांनी, रस्त्याच्या मधोमध. आमचा घरापाशीच तडकला, नशीब. तेव्हापासून क्लॅम्प, चेकनट आणि मधे रबरी पट्टी. क्लॅम्पही पायटाच्या खालच्या लोंबत्या दांडीला नको, ती बाजूला काढायची असते आणि खटक्यावर लटकलेली असते. पुढच्या मुख्य चौकटीला धरा. दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी दांडी बसवलीत तर खुर्ची मिटणार नाही, म्हणून ती एका खिळीनं सुटणारी करा.

आणि हो, घडीची खुर्ची जरा लेचीपेची असते म्हणून तिला नावं ठेवू नका. खडबडीत जमिनीवर चौकट थोडी पिळते म्हणूनच चारही चाकं टेकून राहतात. मी एकदा सगळं आवळून कडक केलं, तर एक चाक सारखं हवेत.

जोडचाकाचे तोटेही आहेत. मागे घेताना पुढचं चाक पूर्ण अर्धवर्तुळ फिरतं, त्याला जागा लागते. घरात निरुपयोगी, बाहेर पडताना लावायचं आणि आल्यावर काढायचं. तीन टेकूंची खुर्ची चार टेकूंच्या खुर्चीपेक्षा कोपऱ्यावर लवकर कलते, त्यामुळे उतारावर जोरात वळायचं नाही. आणि पाय. ज्याला कमरेखाली जाणीव नाही त्याचा पाय पायटावरून सरकून चाकात गेला तरी कळत नाही. पोटरीमागून एक पट्टा बांधा, हे बाकी सगळ्याच्या आधी.

मागचे टायर बदलावेत का? वाळू, खडी, भिजलेली काळी माती असेल तर होय. बारीक भरीव टायर काळ्या मातीत सुरीसारखा आत जातो. पण इथे एक सापळा आहे. व्हीलचेअरचा २४ इंची बारीक टायर आणि सायकलचा २४ इंची जाड टायर, दोन्हीवर २४ लिहिलेलं असतं, दोन्ही एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. एकाच्या रिमचं माप ५४० मिलिमीटर, दुसऱ्याचं ५०७. टायरच्या कडेला बारीक अक्षरात हा आकडा असतो, दुकानात तोच वाचा. म्हणजे जाड टायर हवा तर पूर्ण चाक बदलायचं, आणि त्यातही सायकलचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, चालत नाही. सायकलचा आस दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये धरलेला असतो, खुर्चीचा एकाच बाजूनं. सायकलचा बारीक आस तिथे आठवड्यात वाकतो. चाक बदललं की ब्रेक परत लावून घ्या, कारण खुर्चीचा ब्रेक थेट टायरवर दाबतो. टायर पातळ झाला किंवा हवा कमी झाली की ब्रेक लागलेला दिसतो, पण धरत नाही. बसता-उठताना पडण्याचं हे एक हमखास कारण.

मोटारीवर चालणाऱ्या जुन्या परदेशी खुर्च्यांना पुढे एक वाकडा दांडा असायचा. तो फुटपाथला टेकला की खुर्चीच्या वेगानं पुढची चाकं आपोआप वर उचलली जायची. मी तसा एक करून बसवला. हातानं चालवायच्या खुर्चीला तेवढा वेग नसतो, त्यामुळे फुटपाथ चढला नाही, पण टेबलाचे पाय, दारं आणि बहिणीची नडगी यांना तो न चुकता लागला. कुपवाडच्या भंगारात गेला. कॉलेजांच्या प्रदर्शनांत दरवर्षी दिसणारी, एका आसावर तीन चाकांचा गुच्छ असलेली जिना चढणारी खुर्चीही अशीच. पाण्याच्या जारच्या ढकलगाडीला ते छान, कारण जार घसरला तर फक्त जार फुटतो. जिना खरोखर चढणारी आयबॉट ही खुर्ची अमेरिकेत २००३ साली मंजूर झाली, पण तिच्यात तोल सांभाळणारे सेन्सर आणि मोटारी आहेत. आपल्या वर्कशॉपचं ते काम नव्हे.

ज्यांनी हा प्रश्न मुळापासून सोडवला त्यांनीही पुढच्या चाकापासूनच सुरुवात केलेली दिसते. राल्फ हॉचकिस हे स्वतः व्हीलचेअर वापरणारे अमेरिकन इंजिनिअर. त्यांच्या रफरायडर खुर्चीत पुढची चाकं रुंद, मऊ रबराची आणि बरीच पुढे ठेवलेली, म्हणजे आपल्या तिसऱ्या उपायाचीच दोन्ही तत्त्वं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात आमोस विंटर यांनी सायकलचे भाग वापरून दोन लांब दांड्यांनी चालणारी खुर्ची केली, तिच्या चाचण्या भारतातही झाल्या. दांडी वर धरली की जोर जास्त, खाली धरली की वेग, म्हणजे हातच गिअर. तिलाही पुढे एकच मोठं चाक. आयआयटी मद्रासमध्ये सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्रातून आलेलं निओबोल्ट हे खुर्चीला पुढून जोडायचं बॅटरीचं चाक आहे, ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावतं. जोडलं की पुढची छोटी चाकं अधांतरी. आणि इतकं लांब कशाला, आपल्या ग्रामपंचायतीपुढे उभी असते ती हातानं पेडल मारायची तीनचाकी बघा. तिन्ही चाकं मोठी. म्हणून ती मळ्याच्या वाटेनं जाते, आणि म्हणूनच घरात शिरत नाही.

कधी कधी खुर्चीला हात न लावणंच बरं. मोरीच्या उंबऱ्याला शेवटी आम्ही लाकडाची पाचर केली. नियम साधा: एक भाग उंची, बारा भाग लांबी. साडेतीन सेंटीमीटरला ४२ सेंटीमीटर. सार्वजनिक उतारांसाठी देशातली मार्गदर्शक तत्त्वंही हेच प्रमाण सांगतात. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या २०१२ च्या संहितेत म्हटलं होतं. तेवढ्यालाही १८० सेंटीमीटरचा उतार हवा, दोन हात लांबीची फरशी तिरपी टाकून भागत नाही. आणि उतार करूनही त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवला तर काय उपयोग, हेही बघितलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा हवाला देऊन वॉर्डात अर्ज करता येतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो, तो तिथेच विचारा. नवी खुर्ची हवी असेल तर केंद्राच्या, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेतून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची मिळू शकते. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किमान ४० टक्क्यांचं लागतं. अशा खुर्चीत बदल करायचा तर आधी भोक पाडू नका, क्लॅम्पनं सुरू करा, म्हणजे मूळ रूपात परत आणता येते.

बदल केल्यावर पहिली चाचणी माणूस बसवून करू नका. भाच्याच्या वजनाएवढी वाळूची पोती खुर्चीत बांधली आणि घराच्या पायरीवर शंभर वेळा चढ-उतार केली. अडुसष्टाव्या वेळी एक नट पडला. आता दर रविवारी पाना घेऊन सगळे नट बघायचं काम भाच्यानं स्वतःकडे घेतलंय.

गेल्या महिन्यात तो एकटा गणपती मंदिरापर्यंत जाऊन आला. आल्यावर म्हणाला, "मामा, चाक चांगलं आहे, पण काढायला दोन्ही हात लागतात. एका हातात चप्पलांची पिशवी असते." सध्या टेबलावर सायकलच्या सीटचा खटक्याचा क्लॅम्प पडलाय. तो एका हातानं सुटतो, पण खड्ड्यात आपोआप सुटू नये यासाठी त्याला अजून काहीतरी खिटी शोधायची आहे.